काउंटीचा कलेक्टर कोण?

बाबा पहिल्यांदा कॅलिफोर्नियात आले, तेव्हा आमचं घरपट्टीचं बिल हातात घेऊन त्यांनी विचारलं, "सांता क्लारा काउंटी म्हणजे इथला जिल्हाच ना? मग कलेक्टर कोण?" सगळी नोकरी तहसील कचेरीत गेलेला माणूस, प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र एका माणसावर येऊन थांबेना.

आपल्याकडे जिल्हाधिकारी वरून येतो, बदली झाली की जातो. इथे काउंटीला राज्याच्या कायद्याची चौकट आहे, पण माणसं मतदार निवडतात. सांता क्लारात 5 सुपरवायझर 4-4 वर्षांसाठी निवडून येतात, बजेट ठरवतात आणि रोजच्या कारभारासाठी एक पगारी अधिकारी नेमतात. गंमत पुढे आहे. शेरीफ, सरकारी वकिलांचा प्रमुख आणि मालमत्तेची किंमत ठरवणारा असेसर हेही स्वतंत्रपणे निवडून येतात. त्यामुळे सुपरवायझरांना शेरीफचं बजेट कापता येतं, बदली करता येत नाही!

शेरीफ हा शब्द मूळ इंग्लंडचा: शायर म्हणजे परगणा, त्याचा रीव्ह म्हणजे कारभारी. तोच शब्द मुंबईत येऊन मानाचं पद झाला. सुनील गावसकरही मुंबईचे शेरीफ होते. इथला शेरीफ मात्र तुरुंग चालवतो.

बिलाकडे परत येऊ. पहिला हप्ता 10 डिसेंबरपर्यंत, दुसरा 10 एप्रिलपर्यंत. चुकला की दंड. 1978 साली मतदारांनीच कायदा केला, की मूळ कर किमतीच्या 1 टक्का आणि ती किंमत वर्षाला फार तर 2 टक्के वाढवायची. घर विकलं गेलं की मात्र नव्याने मोजणी. म्हणून एकाच गल्लीत, एकाच नकाशाच्या दोन घरांपैकी जुन्या मालकाचं बिल नव्याच्या मानाने किरकोळ असतं. नवा मालक कुरकुरतो. (मी कुरकुरतो.) यातला मोठा वाटा शाळांना जातो, हीच काय ती समजूत.

जिथे नगरपालिकाच नाही, तिथे काउंटी हीच नगरपालिका. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये लाखावर लोक राहतात, पण महापौर नाही. रस्ते, पोलीस सगळं काउंटीकडे. त्या लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या सुमारे 1 कोटी. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत 2020 च्या जनगणनेत भरली 64 माणसं. दोन्हीकडे शेरीफ आहेच.

"आणि सातबारा कुणाकडे?" बाबांचा शेवटचा प्रश्न. म्हटलं, खरेदीखतं क्लर्क-रेकॉर्डरच्या कचेरीत नोंदवतात. लग्नाचं लायसन्सही तिथेच. पण ते फक्त दस्त नोंदवतात, मालकीची हमी देत नाहीत. म्हणून घर घेताना टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीचा विमा, काढतात.

"मग बरोबर आहे," बाबा म्हणाले. "सातबारा तरी कुठे मालकीचा पुरावा असतो?"