उपजत मृत्यू

गर्भारपणाचे किमान २८ आठवडे भरल्यावर जन्मलेल्या बाळात जिवंतपणाची एकही खूण नसेल, तर त्याला उपजत मृत्यू म्हणतात. शब्द सरकारी नोंदवहीतला. गावात ‘पोटातच दगावलं’ एवढेच म्हणतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार ही नोंद सक्तीची आहे. पण घरी किंवा वाटेत बाळंतपण झाले, तर मूल मुकाट्याने पुरले जाते आणि नोंद राहून जाते. उलट, दोन श्वास घेऊन गेलेले बाळही कधीकधी याच रकान्यात जाते. त्यामुळे आकडे दोन्ही बाजूंनी फसवे असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २० लाख उपजत मृत्यू झाले, त्यांत सर्वाधिक भारतात. यांतली ४० टक्क्यांहून अधिक बाळे कळा सुरू झाल्यानंतर गेली, म्हणजे कळा सुरू झाल्या तेव्हा ही बाळे जिवंत होती. हा फरक बाळाकडे पाहूनही बराचसा कळतो: कातडी सोलवटलेली असेल, तर मृत्यू बहुधा कळांच्या आधीचा, ताजी असेल, तर बहुधा बाळंतपणातला.

बाळंतपणातले मृत्यू मूल आडवे असणे, बाई अडणे, नाळ आधी बाहेर येणे यांमुळे होतात. बाळाचे ठोके वेळच्या वेळी तपासले आणि गरज पडताच सिझेरियन झाले, तर यांतली बरीच बाळे वाचतात. मेळघाटात किंवा धडगावच्या पाड्यांवर पावसाळ्यात ओढा भरला की नेमका हाच वेळ हातचा जातो. म्हणून राज्याने दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ सुरू केले. तारखेच्या काही दिवस आधीच गरोदर स्त्री तिथे येऊन राहते. कळा वाढवायला घरीच, देखरेखीविना दिले जाणारे इंजेक्शन हा वेगळाच धोका. गर्भाशय इतके आवळते की बाळाचा प्राणवायू तुटतो.

कळांआधीच्या मृत्यूंमागे वाढलेला रक्तदाब, मधुमेह, मलेरिया, सिफिलिस आणि गर्भाची खुंटलेली वाढ ही मुख्य कारणे. त्यांत अशक्तपणाची भर पडते: २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. चुलीचा धूर आणि मिश्री यांच्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. मुंबईत झालेल्या एका पाहणीत (२००६) मिश्री वा इतर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या गरोदर स्त्रियांत उपजत मृत्यूचा धोका अडीच पटींहून अधिक दिसला. मिश्रीला व्यसन मानायलाच अनेक घरांत कुणी तयार नसते. दोष दिला जातो तो ग्रहणात विळी हातात धरल्याचा, नाहीतर नजरेचा, आणि अखेर आईलाच.

गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात-सेवा सुरू केली. पुढच्या वर्षांत तिथले उपजत मृत्यूही जवळपास निम्म्यावर आले.

मूल गेले तरी आईला पान्हा फुटतोच, अंगही बाळंतिणीचेच असते. मातृत्व लाभ अधिनियमाने (१९६१) ‘मूल’ या व्याख्येत मृत जन्मलेले मूलही धरले, ते यासाठीच असावे. ऊसतोड आणि शेतमजूर स्त्रियांपर्यंत मात्र बाळंतपणाची ही रजा पोचत नाही. त्या अंग सावरायच्या आतच फडात परततात.