व्हीआर नि मोबाईल ॲपने व्यसन सोडवायची कल्पना आली कुठून?

व्यसन सोडवायला व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट, डोळ्यांवर चढवला की कॉम्प्युटरने उभ्या केलेल्या जगात नेणारा, म्हटलं की पहिल्यांदा वाटतं, कुठल्यातरी गेमिंगवाल्याने काढलेली टूम असणार. पण गोष्ट बरीच जुनी आहे. १९३५ साली अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला एक सरकारी संस्था सुरू झाली, अर्धी तुरुंग नि अर्धी हॉस्पिटल, लोक तिला नार्कोटिक फार्म म्हणायचे. तिथे अब्राहम विकलर नावाचे डॉक्टर होते, त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. ड्रग्ज सुटून कित्येक महिने झालेली माणसं, अंगात कण शिल्लक नाही, पण ग्रुपमध्ये बसून नुसता ड्रग्जचा विषय निघाला की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, नाक गळायला लागायचं, घाम फुटायचा, अंगावर काटा यायचा, म्हणजे विड्रॉलची, नशा बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाची, सगळी लक्षणं, तीही फक्त बोलण्याने!

१९४८ मध्ये विकलरने मांडलं की हा पावलोव्हच्या कुत्र्यासारखाच प्रकार आहे, तिथे रोज खाण्याबरोबर ऐकलेला आवाज नुसता झाला की लाळ, इथे जुना अड्डा, जुना दोस्त किंवा नुसती सिरिंज दिसली की तलफ. म्हणून तर माणूस व्यसनमुक्ती केंद्रात सहा महिने ठणठणीत असतो नि घरी परतल्यावर आठवड्याभरात घसरतो, मग सगळे म्हणतात की याच्यात इच्छाशक्तीच नाही.

याचा उलटा पुरावा मिळाला व्हिएतनाम युद्धात. तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी साधारण २० टक्के हेरॉईन-अफूच्या आहारी गेले होते, आता हे सगळे घरी येऊन काय गोंधळ घालणार म्हणून सरकार घाबरलेलं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा माग काढला तर व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात परत व्यसनात अडकलेले निघाले फक्त ५ टक्के. जागा बदलली, संगत बदलली, माल सहज मिळेना, अशी कारणं बरीच होती, पण व्यसन नुसतं शरीरात नसतं, ते आजूबाजूच्या जागेतही मुरलेलं असतं ही गोष्ट त्यातून ठळक झाली.

मग डॉक्टरांनी म्हटलं की ही गाठच सोडवू. पेशंटला सिगरेट, बाटली, सिरिंजचे फोटो दाखवायचे, तलफ येऊ द्यायची पण काही द्यायचं नाही, असं पुन्हा पुन्हा केलं की मेंदू शिकेल की हे दिसलं म्हणून आता काही मिळणार नाहीये. याला क्यू एक्सपोजर म्हणतात, १९८० च्या दशकात फिलाडेल्फियात चार्ल्स ओब्रायन आणि ॲना रोझ चाइल्ड्रेस यांनी यावर भरपूर काम केलं. तलफ क्लिनिकमध्ये कमी व्हायचीही, पण २००२ मध्ये कॉंकलिन आणि टिफनी यांनी आधीचे सगळे अभ्यास एकत्र तपासले तर प्रत्यक्ष उपचार म्हणून हाती फारसं काही लागलं नव्हतं. त्यामागचं एक कारण मार्क बूटन यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळतं, एका खोलीत विझवलेली सवय दुसऱ्या खोलीत गेलं की परत जागी होते. म्हणजे क्लिनिकच्या पांढऱ्या भिंतीसमोर विझवलेली तलफ बारच्या दारात जिवंत! मला या सगळ्या इतिहासात हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचं सगळं इथूनच निघतं.

पेशंटला उपचार म्हणून खऱ्या बारमध्ये तर नेता येत नाही, मग बारच क्लिनिकमध्ये आणायचा. १९९५ मध्ये बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी उंचीच्या भीतीवर व्हीआर वापरून दाखवलं होतं, तीच युक्ती व्यसनाकडे आली. २००३ मध्ये दक्षिण कोरियातल्या टीमने सिगरेटसाठी व्हर्च्युअल बार केला, अमेरिकेत पॅट्रिक बोर्डनिक यांनी तर आख्खी पार्टीच उभी केली. हेडसेट घातला की तुम्ही त्या पार्टीत, लोक गप्पा मारतायत, कोणीतरी पुढे येऊन ऑफर करतं, त्यात वासाचं मशीनही जोडलेलं, आणि मधेमधे विचारतात की आत्ता तलफ किती, आकडा सांगा. ग्राफिक्स ओबडधोबड, माणसं बाहुल्यांसारखी, तरी तलफ यायचीच! मग तिथल्या तिथे नाही म्हणायचा सराव. पण व्हीआरने तलफ जागी होते हे जितकं पक्कं सिद्ध झालंय तितकं व्हीआरने व्यसन सुटतं हे झालेलं नाही, अभ्यास बहुतेक छोटे आहेत. बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.

फोनचा रस्ता बरोब्बर उलटा, बार क्लिनिकमध्ये आणण्याऐवजी क्लिनिक खिशात घालून बारपर्यंत पाठवायचं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये डेव्हिड गुस्टाफसन यांच्या टीमने ए-चेस नावाचं ॲप केलं, दारूच्या उपचारानंतर केंद्रातून घरी जाणाऱ्यांसाठी. त्यात पॅनिक बटण होतं, आणि पेशंटने आधी सांगून ठेवलेल्या धोक्याच्या जागेजवळ तो गेला की जीपीएसवरून फोनच टोकायचा. २०१४ मध्ये ३४९ पेशंट्सचा निकाल छापून आला, ॲपवाल्यांचे ३० दिवसांत जास्त पिण्याचे दिवस सरासरी १.३९, बाकीच्यांचे २.७५. चमत्कार नाही, पण निम्म्यावर आले म्हणजे कमी पण नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, पेअर थेराप्युटिक्स या कंपनीच्या रीसेट या व्यसनावरच्या ॲपला परवानगी दिली, गोळीसारखं डॉक्टरांनी लिहून द्यायचं ॲप, १२ आठवड्यांचा कोर्स. यात थ्रीडी वगैरे काही नाही, धडे, प्रश्नोत्तरं आणि चांगलं वागलं की छोटी बक्षिसं, हा ढाचा लिसा मार्श यांच्या जुन्या कॉम्प्युटर प्रोग्रामचा. पुढच्या वर्षी अफूवर्गीय व्यसनासाठी रीसेट-ओ आलं, त्यात पेशंट उपचारात टिकून राहायचं प्रमाण वाढलं पण ड्रग्ज न घेण्यात मोठा फरक दिसला नाही. विमा कंपन्या काही पैसे द्यायला तयार होईनात, डॉक्टर लिहून द्यायचे पण बिल भरणार कोण? २०२१ मध्ये १६० कोटी डॉलर किंमत लावलेली पेअर एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि लिलावात सगळं मिळून साधारण ६० लाख डॉलरला विकली गेली, त्यातली रीसेट आणि रीसेट-ओ ही दोन्ही ॲप्स ऑनलाईन व्यसनमुक्ती उपचार देणाऱ्या परस्यूकेअरने घेतली.