पेसमेकर आणि मायक्रोवेव्हची भीती

"आई, मायक्रोवेव्ह लावतेय, तुम्ही जरा बाहेर बसा." घरात कुणाला पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके नियमित ठेवणारं शरीरात बसवलेलं यंत्र, असेल तर हे वाक्य हमखास ऐकू येतं. सासूबाई निमूट उठतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आता याची गरजच नाही.

भीती मुळात खोटी नव्हती. सुरुवातीच्या पेसमेकरना बाहेरच्या विद्युत लहरींपासून पुरेसं संरक्षण नव्हतं. आजचं यंत्र टायटॅनियमच्या हवाबंद डबीत असतं आणि हृदयापर्यंत जाणाऱ्या तारा जिथून आत शिरतात तिथे नको त्या लहरी गाळणारे फिल्टर असतात. धडधाकट घरगुती मायक्रोवेव्ह त्याला धक्का लावत नाही.

याहून नवलाची गोष्ट तारेच्या टोकाशी आहे. बहुतेक तारांच्या टोकात स्टेरॉइडचा, बहुधा डेक्सामेथासोनचा, कणभर साठा असतो. तो हळूहळू पाझरतो, टोकाभोवतीची सूज आवरतो. त्यामुळे कमी विजेतही हृदयाला ठोका मिळतो आणि बॅटरी जास्त टिकते.

जपायचं ते चुंबकापासून. चुंबक अगदी जवळ आला की पेसमेकर बहुधा हृदयाकडे लक्ष न देता ठरलेल्या गतीने ठोके देऊ लागतो. दूर नेला की पूर्ववत होतो. म्हणून मोबाईल, त्यातही मागे चुंबक असलेला, शर्टाच्या खिशात नको. १५ सेंटिमीटर अंतर हवं आणि फोन पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या कानाला. इंडक्शन शेगडीपासून मात्र दोन फूट लांब उभं राहा.