फोडणीच्या भाताआधीची रात्र

थंडीत दही लागत नाही म्हणून विरजणाचं भांडं जाड टॉवेलात गुंडाळून किंवा पिठाच्या डब्यात ठेवायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. मे महिन्यात तेच दही दुपारपर्यंत आंबून जातं. दूध तेच, विरजण तेच, फरक फक्त उबेचा. दह्यातल्या बहुतेक जिवाणूंना ३० ते ४५ अंश सेल्सिअस तापमान मानवतं.

ही ऊब आजारी पाडणाऱ्या जिवाणूंनाही हवी असते. भरपूर अन्न आणि ३७ अंश तापमान मिळालं की ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. याच वेगाने वाढत राहिला तर एकाचे सात तासांत वीस लाख!

नुसत्या उबेवर मात्र भागत नाही, पाणीही लागतं, आणि ते जिवाणूला शोषून घेता आलं पाहिजे. मुरांब्यात पाणी असतंच, पण साखर ते धरून ठेवते आणि उलट जिवाणूच्या पेशीतलंच पाणी बाहेर खेचलं जातं. लोणच्यात हे काम मीठ करतं, शिवाय कैरीचा आंबटपणा मदतीला असतो. पदार्थ जितका आंबट तितका त्याचा सामू (pH) कमी, आणि तो ४.६ च्या खाली गेला की बोट्युलिझम या विषबाधेचा जीवघेणा जिवाणू वाढू शकत नाही. त्याला ऑक्सिजन नकोच असतो. म्हणून आंबट काही न घालता लसूण नुसता तेलात बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे.

मला खरी काळजी वाटते ती रात्रीच्या उरलेल्या भाताची. बॅसिलस सेरियस हा मातीतला जिवाणू, तिथूनच तो तांदळावर येतो. परिस्थिती बिघडली की तो जाड कवचाचा बीजाणू होऊन पडून राहतो. भात उकळताना बाकीचे जिवाणू मरतात, पण यातले बरेच बीजाणू तगतात. मग भात ओट्यावर झाकून राहतो. वरून गार लागला तरी पातेल्याच्या मध्यभागी तो कितीतरी वेळ कोमट असतो. ऊब आहे, ओलावा आहे, पिष्ट आहे, आणि वाटेकरी कुणी उरलेला नाही. बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात आणि त्यांच्या काही जाती सेरुलाइड नावाचं विष तयार करतात.

सकाळी आपण त्याच भाताला खमंग फोडणी देतो. जिवाणू मरतातही, पण विष तसंच राहतं, कारण ते १२१ अंशांवर दीड तास तापवलं तरी टिकतं. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. वासावरून काही कळेलच असं नाही.

फोडणीचा भात सोडायची काहीच गरज नाही, मलाही तो फार आवडतो. फक्त उरलेला भात पसरट ताटात मोकळा करावा, म्हणजे लवकर निवतो, आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा. ४ अंशांवर बॅसिलस सेरियसची वाढ जवळपास थांबते. फ्रिज जिवाणूंना मारत नाही, आणि लिस्टेरियासारखा एखादा तिथेही हळूहळू वाढतो, म्हणून तो भात दुसऱ्या दिवशीच संपवावा.