रोप जागच्या जागी थांबलंय? खताची बाटली उघडण्याआधी हे वाचा

घरात दिव्याखाली लावलेलं मिरचीचं किंवा टोमॅटोचं रोप महिना झाला तरी बोटभरच आहे, ही तक्रार आमच्याकडे सतत येते. सोबत पानाचा फोटो असतो. मुळांचा कधीच नसतो. फोटोखालचा प्रश्नही ठरलेला : "कोणतं खत घालू?"

खतं आम्हीही विकतो, तेव्हा उत्तरात एखादी बाटली सुचवणं आमच्या सोयीचंच आहे. पण खुंटलेल्या रोपाला बहुतेक वेळा खत नको असतं. मुळं बिघडलेली असताना वरून खत ओतलं तर रोप आणखी मागे जातं.

खरंच खुंटलंय का?

मिरचीचं बी उगवायलाच ८ ते २० दिवस घेतं, गारठा असेल तर त्याहून जास्त. उगवल्यावर पहिली खरी पानं येतात आणि मग रोप काही दिवस नुसतं बसून राहिल्यासारखं दिसतं. तेव्हा ते खाली मुळं करत असतं. कुंडी बदलल्यावरही आठवडा-दहा दिवस वाढ दिसत नाही. या दोन्ही वेळी काही करू नका.

रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही, म्हणून रोपाशेजारी फूटपट्टी उभी करून दर चार दिवसांनी फोटो काढा. दोन आठवड्यांत शेंड्याला एकही नवं पान उलगडलं नसेल, किंवा नवी पानं जुन्यांपेक्षा बारीक येत असतील, तर रोप खुंटलंय. लांबलचक, काडीसारखं, एका बाजूला झुकलेलं रोप ही वेगळी गोष्ट : त्याला उजेड कमी पडतोय. हे पत्रक मुख्यतः बुटक्या, आखडलेल्या, पेरं जवळजवळ आलेल्या रोपाबद्दल आहे.

मुळं बघा. हो, कुंडीतून काढून

एक हात खोडाच्या दोन्ही बाजूंनी मातीवर पालथा ठेवा, कुंडी उलटी करा, बुडावर थाप मारा. हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, अलगद बाहेर येते. रोप मरत नाही, घाबरू नका.

निरोगी मुळं पांढरी किंवा सायीच्या रंगाची असतात, वास ओल्या मातीचा येतो. तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाची मुळं म्हणजे कूज. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका, कारण कोकोपीटमुळे (नारळाच्या काथ्याच्या भुशामुळे) चांगली मुळंही पिवळट तपकिरी दिसतात. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आत दोरा उरला, तर कूज आहे.

कूज होण्याचं कारण पाणी, एवढंच सांगून भागत नाही. शेतकऱ्याच्या तोंडी वाफसा हा शब्द असतो : जमिनीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था. मुळांना श्वासासाठी ऑक्सिजन लागतो. माध्यमातली, म्हणजे कुंडीतल्या मातीतली किंवा कोकोपीटमधली, सगळी पोकळी पाण्याने भरली की मुळं गुदमरतात, पाणी उचलणं बंद करतात आणि चिखलात उभं असलेलं रोप वरून तहानलेलं दिसतं. ते मलूल झालेलं बघून आपण आणखी पाणी घालतो. घरात ना ऊन ना वारा, त्यामुळे वाफसा यायला बाहेरच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. म्हणून वार ठरवून पाणी घालू नका. पाणी घातल्यावर कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या आणि ती स्पष्ट हलकी लागेपर्यंत थांबा. चार-पाच वेळा केलं की हाताला कळू लागतं.

"मोठी कुंडी म्हणजे मोठं रोप" हा समज इथेच नडतो. इवलंसं रोप थेट दहा लिटरच्या कुंडीत लावलं तर त्याची मुळं एका कोपऱ्यातलं पाणी पितात आणि बाकीचं माध्यम आठवडाभर ओलं राहतं. ते अर्धा-एक लिटरच्या कुंडीत हलवा, मुळांनी ती भरली की पुढची. उलट बाजूही असते. मुळं बुडाशी गोल गोल वेटोळी घालून बसली असतील आणि पाणी दिवसभरही पुरत नसेल, तर कुंडी लहान झालीय. वेटोळी बोटांनी सोडवून मोठ्या कुंडीत लावा.

मातीवरून बारीक काळ्या माश्या उडत असतील तर त्यांच्या अळ्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या थरात कोवळी मुळं खात असणार. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून पाहा, काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या खाली चिकटलेल्या दिसतील. पिवळे चिकट सापळे मोठ्या माश्या पकडतात, पण वरचा थर कोरडा राहू दिल्याशिवाय ही पिढी संपत नाही.

शेवटी, मातीत थर्मामीटर खुपसा. खोलीत २४ अंश असले तरी थंड फरशीवरच्या ओल्या कुंडीत त्याहून बरेच कमी असू शकतात. मुळांशी १५ अंशांच्या खाली गेलं की स्फुरद (फॉस्फरस) नीट उचललं जात नाही, पानांची खालची बाजू जांभळट होते आणि लोक स्फुरदाचं खत आणतात. कुंडी फळीवर उचलून ठेवणं फुकट असतं.

सामू आणि क्षार

आमच्याच शेल्फवरची गोष्ट. एका ट्रेमधली सगळी मिरची थांबली. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाही. मीटर मात्र सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) ६.१ दाखवत होता. आम्ही दिवा बदलला, खत बदललं. तीन आठवड्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की मीटरचा इलेक्ट्रोड कित्येक दिवस साध्या फिल्टरच्या पाण्यात बुडवून ठेवलेला होता. नव्या बफरने (ठरलेल्या सामूच्या द्रावणाने) तपासलं तर खरा सामू सातच्या वर, आणि इतक्या सामूला रोपाला लोह नीट उचलता येत नाही. तेव्हापासून इलेक्ट्रोड साठवणीच्या द्रावणातच ठेवतो आणि मीटर दर पंधरवड्याला ४ आणि ७ च्या बफरने जुळवतो. तुम्हीही जुळवा.

मातीत सामू ६ ते ७ आणि कोकोपीटमध्ये ५.५ ते ६.५ असावा. एका अंकाचा फरक किरकोळ वाटतो, पण ही मोजणी दहाच्या पटीत चालते. पाणी जड असेल तर सामू महिनोन्‌महिने हळूहळू चढत जातो.

क्षारांसाठी कुंडीखाली येणारं पाणी मोजा. घातलेल्या पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप, मिलिसीमेन्स प्रति सेंमी) १.२ आणि खालून आलेल्याचा ३ असेल, तर कुंडीत मीठ साठलंय. पानांच्या कडा करपलेल्या आणि रंग नको इतका गडद हिरवा, ही त्याची खूण. कुंडीच्या दोन-तीन पट पाणी सावकाश सोडून धुवून काढा, मग अर्ध्या ताकदीच्या खताने सुरुवात करा. लहान रोपाला ०.८ ते १.२ इतका ईसी पुरतो.

कोकोपीट वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅश बरंच असतं, शिवाय ते कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवतं. शेंड्याची पानं वेडीवाकडी, चुरगळलेली येत असतील तर ही शंका आधी घ्या. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर नत्र (नायट्रोजन) किंवा मॅग्नेशियम बघा, कारण ही द्रव्यं रोप जुन्या पानांतून काढून नव्याला देऊ शकतं. कॅल्शियम आणि लोह तसं हलवता येत नाही.

उजेड

खोक्यावरचा वॅटचा आकडा विसरा, सॉकेटवर प्रत्यक्ष किती वीज ओढली जाते ते बघा. रोपाला दिवसभरात एकूण किती प्रकाश मिळतो हे महत्त्वाचं. पानावर पीपीएफडी (दर सेकंदाला चौरस मीटरवर पडणारा, रोपाला वापरता येणारा प्रकाश, मायक्रोमोलमध्ये) २०० असेल आणि दिवा १४ तास चालत असेल, तर दिवसाची बेरीज चौरस मीटरला साधारण १० मोल होते. पालेभाजी त्यावर कशीबशी निभावते, टोमॅटो-मिरची नाही. ४०० वर १६ तास म्हणजे २३ मोल, यात त्यांचं भागतं.

जास्त उजेडानेही रोप बुटकं राहतं. दिव्याजवळची पानं वरच्या बाजूला घडी घालतात, शेंडा फिका पडतो, सावलीतली खालची पानं मात्र झकास असतात. दिवा वीतभर वर घ्या. आणि टायमर एकदा रात्री उठून तपासा. आम्ही थट्टा करत नाही, उलटा लावलेला टायमर आम्ही पाहिलाय.

चुरडामुरडा

मिरचीचा शेंडा आखडून पानं मुरडली (हाच चुरडामुरडा) की भिंग घ्या, निदान दहा पटीचं. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली असतील तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स), खालच्या बाजूला वळून देठ लांबले असतील तर कोळी (माइट ही बारीक कीड). हा कोळी ०.२ मिलिमीटरचा असतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे लोक महिनाभर कॅल्शियम घालत बसतात. त्यावर पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे ते मारू नका, आणि उष्ण खोलीत तर नकोच, पानं भाजतात. पांढरी माशी दिसत असेल आणि शेंडा गुच्छासारखा झाला असेल तर विषाणूची शंका घ्या. त्याला औषध नाही. रोप पिशवीत बांधून टाका.

शेणखत किंवा कंपोस्ट घातलं असेल तर

अर्धवट कुजलेलं खत मुळं भाजतं. काही तणनाशकं गवत-कडब्यातून जनावराच्या पोटात आणि तिथून शेणात जशीच्या तशी उतरतात. टोमॅटो त्यांना फार हळवा. संशयातल्या कंपोस्टमध्ये आणि साध्या मातीत घेवड्याच्या चार-चार बिया लावा. तीन आठवड्यांत कंपोस्टमधल्यांची नवी पानं वाटीसारखी वळली आणि मातीतली सरळ राहिली, तर ते कंपोस्ट टाकून द्या.

आम्हाला विचारताना

आधी एकच बदल करा आणि दहा दिवस थांबा. करपलेलं जुनं पान पुन्हा हिरवं होत नाही, उपाय लागू पडला की नाही ते नवं पान सांगेल. तरीही अडलं तर हे पाठवा : शेवटची तीन पाणी कधी आणि किती, खालून आलेल्या पाण्याचा सामू व ईसी, मीटर कधी जुळवला, दिव्याचं शेंड्यापासूनचं अंतर आणि तास, मातीचं तापमान. पानाचा फोटो दिवा बंद करून साध्या उजेडात काढा, जांभळ्या प्रकाशात आम्हाला काही कळत नाही. आणि मुळांचा एक फोटो.