रजोनिवृत्तीतील संप्रेरक-स्वास्थ्य (कोल्हापूर परिसर)

रजोनिवृत्ती : बीजांडकोशातील बीजपुटके (ज्यांत बीज वाढते ती सूक्ष्म आवरणे) संपत आल्याने मासिक पाळी कायमची थांबणे. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे धरतात. अर्थात हे नेहमी वर्षभराने, मागे पाहूनच कळते. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी ४६-४७, तर पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास असते. चाळिशीच्या आत पाळी गेली तर ती अकाली मानतात व तिचे उपचार वेगळे असतात. कोल्हापूर परिसरात ‘सुटले एकदाची’ एवढ्यावर हा विषय संपतो. महिन्याची कटकट सुटते हे खरे, पण हाडे, रक्तवाहिन्या, मूत्रमार्ग आणि झोप यांचा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी असलेला हिशेब तेव्हाच सुरू होतो.

संप्रेरके (हार्मोन) एका रात्रीत आटत नाहीत. पाळी जाण्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेन कधी चढते, कधी कोसळते. बीज बाहेर पडणे अनियमित झाल्याने प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्त्री-संप्रेरक मात्र आधीच कमी पडू लागते. गर्भाशयाचे अस्तर जाड होऊन मग एकदम जास्त अंगावर जाते आणि हिमोग्लोबिन उतरते. मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र या काळात हळवे होते. शरीराचे तापमान जरासे वाढले तरी ते घाम फोडते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते. ‘अंगातनं वाफा निघत्यात’ हे बायकांचे वर्णन पाठ्यपुस्तकापेक्षा नेमके आहे. तिखट, गरम चहा, मद्य आणि कोंदट स्वयंपाकघर यांनी वाफा वाढू शकतात. त्यामुळे तांबडा रस्सा सोसतो का, हे ज्याचे त्याने पाहावे. पांढरा रस्सा दिसायला सौम्य, पण तिखटपणा त्यातही असतोच.

सर्वांत मोठा घोटाळा ‘पिशवी’ या शब्दाभोवती आहे. संप्रेरके गर्भपिशवीत नव्हे, तिच्या दोन्ही बाजूंच्या बीजांडकोशांत तयार होतात. पिशवी काढून बीजांडकोश ठेवले तर पाळी थांबते, संप्रेरके चालू राहतात. मात्र ती काहीशी लवकर संपण्याचा संभव असतो. बीजांडकोशही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते, आणि तिचा त्रास अधिक तीव्र असतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावर नेमके काय काढले हे वाचून ठेवणे महत्त्वाचे. बऱ्याच जणींना ते ठाऊकच नसते. या भागातील साखर कारखान्यांसाठी ऊसतोडीला मराठवाड्यातून टोळ्या येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी सुमारे १३,८०० जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत ऐन तिशीतल्या स्त्रियाही होत्या. ज्यांचे बीजांडकोशही गेले असतील, त्यांच्या हाडांचा प्रश्न लवकर सुरू होतो.

निदानासाठी पंचेचाळिशीनंतर सहसा संप्रेरक तपासणी लागत नाही. वय आणि पाळीचा इतिहास पुरतो. एफएसएच (बीजपुटके वाढवणारे, मेंदूलगतच्या ग्रंथीचे संप्रेरक) दर आठवड्याला बदलत असल्याने एकदाच केलेल्या तपासणीचा आकडा फसवतो. त्याऐवजी हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर व चरबी आणि रक्तदाब पाहिलेले बरे, कारण थायरॉइड बिघडले तरी घाम, धडधड आणि चिडचिड तशीच होते. पाळी लांबली म्हणून गर्भनिरोधन सोडू नये : शेवटच्या पाळीनंतर पन्नाशीच्या आतल्या स्त्रीने दोन वर्षे आणि पुढच्या वयात एक वर्ष ते चालू ठेवावे, असा संकेत आहे.

वाफांवर सर्वांत प्रभावी औषध म्हणजे संप्रेरक उपचार. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन गटातील औषध द्यावेच लागते, नाहीतर अस्तराचा कर्करोग होण्याची भीती असते. पिशवी नसेल तर सहसा एकटे इस्ट्रोजेन पुरते. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने स्तनकर्करोग व हृदयविकाराचा धोका दाखवला आणि जगभर हे उपचार एकदम मागे पडले. त्या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षे व्हायच्या आत सुरू केल्यास, त्रास असलेल्या निरोगी स्त्रीला फायदा सहसा जास्त होतो, असे आज मानले जाते. स्तनकर्करोग, रक्ताच्या गाठी, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असल्यास हे उपचार सहसा देत नाहीत. त्वचेतून दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनने गाठींचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. गंमत अशी, की ‘हार्मोनच्या गोळ्या नकोत’ म्हणणारी बाईच नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी दुकानातून सहज आणून घेते, आणि तीही प्रोजेस्टेरॉन गटातलीच असते. संप्रेरके नकोच असतील तर नैराश्यावरील काही औषधे अल्प मात्रेत वाफा कमी करतात. शतावरी कल्प घराघरांत आहे. त्याच्या परिणामाचे पुरावे तोकडे आहेत.

आहाराबाबत जिल्ह्याची बाजू भक्कम आहे. रोज साधारण १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, पेलाभर दुधात ३०० च्या आसपास. गंगावेशच्या कट्ट्यावर समोर धार काढलेले म्हशीचे दूध पिण्याची इथली जुनी सवय आहेच. तीळ आणि कारळाची चटणी कॅल्शियमसाठी चांगलीच. शिवारात पिकणाऱ्या सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती वनस्पतिजन्य द्रव्ये असतात, त्यांचा वाफांवर झालाच तर थोडा उपयोग होतो. बहुतेक सोयाबीन मात्र तेलगिरणीत जाते. रंकाळा तलावाभोवतीचा फेरफटका हृदयाला हितकर, पण हाडांना आणि स्नायूंना वजन उचलण्याचा, उड्यांचा ताण लागतो. झिम्मा-फुगडीत तो आपोआप मिळतो, गुडघे धड असतील तर.

लघवीची जळजळ, योनीचा कोरडेपणा आणि संबंधाच्या वेळी दुखणे याबद्दल नवऱ्याशी काय, जावेशीही बोलणे होत नाही. वाफा काही वर्षांत ओसरतात, हा त्रास मात्र उपचारांशिवाय वाढत जातो. त्यावर स्थानिक इस्ट्रोजेनचे मलम पुरते आणि ते रक्तात फारच कमी उतरते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी डागभर का होईना, तर घरात ‘पाळी परत आली’ म्हणतात. ती पाळी नसते. अशा वेळी कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोग विभाग किंवा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे अस्तराचा तुकडा तपासणे आवश्यक असते.