गोरिलाचं घर आणि चिंपांझीची गावकी

मे महिन्यात पाटण तालुक्यात बहिणीकडे गेलो होतो. उन्हाळी भुईमूग काढणीला आलेला, म्हणून सकाळपासून बांधावर राखणीला बसलो होतो आणि समोरच्या आंब्यावर वानरांची टोळी आमच्यावर नजर ठेवून होती. भाचा पाचवीत आहे. "मामा, ही वानरं. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. देवळापाशी येत्यात ती माकडं, त्यांचं तोंड लालसर आन् डोक्यावर भांग पाडल्यागत केस," त्याने मला समजावून सांगितलं. एक अक्षर चुकलं नाही. मग दुपारी त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक चिंपांझी केस पिंजारून, किंचाळत फांद्या आपटत होता. "बघ, गोरिला कसला पिसाळलाय!"

ज्या मुलाला वानर आणि माकड यांतला फरक शंभर फुटांवरून कळतो, त्याला गोरिला आणि चिंपांझी एकच वाटावेत याचं मला वाईट वाटलं. त्याचा काही दोष नाही. वानरं त्याच्या शेतात येतात, गोरिला येत नाही. पण या गोंधळात गोरिलावर फार अन्याय होतो.

आधी दोघांत सारखं काय ते सांगतो. दोघंही माकडं नाहीत. दोघांनाही शेपूट नाही. त्यांना कपी म्हणतात आणि त्याच कुळात आपणही मोडतो. दोघंही हाताची बोटं मुडपून, पेरांवर भार देऊन चालतात. दोघंही रोज संध्याकाळी फांद्या-पानं वाकवून झोपायला नवं अंथरूण करतात. दोघंही आफ्रिकेतलेच. गोरिला मध्य आफ्रिकेच्या जंगलपट्ट्यात राहतो, तर चिंपांझी पश्चिमेच्या गिनी-सेनेगलपासून पूर्वेच्या टांझानियापर्यंत पसरलेला आहे.

ओळखायचं असेल तर आधी कान बघा. चिंपांझीचे कान मोठे, बाजूला उभे राहिलेले. गोरिलाचे इवलेसे, डोक्याला चिकटलेले. मग अंग बघा. चिंपांझी नर साधारण चाळीस ते साठ किलोचा, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या सडपातळ माणसाएवढा. गोरिला नर दीडशे किलोच्या वर सहज जातो. बाराएक वर्षांचा झाला की त्याच्या पाठीवरचे केस रुपेरी होतात. मादी त्याच्या निम्म्याने. गोरिलाच्या नाकावरच्या वळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या. संशोधक वहीत त्यांची चित्रं काढून ठेवतात आणि त्यावरून एकेकाला ओळखतात.

ओळख पटली की पुढचा प्रश्न असा की ते राहतात कसे. तिथेच खरा फरक आहे.

गोरिलाचं एक घर असतं. घरात एक कर्ता रुपेरी पाठीचा नर, तीन-चार माद्या, त्यांची पोरं, कधी एखादा तरुण नर. बहुतेक कळप दहाच्या आसपास. कर्ता उठला की सगळे उठतात, तो थांबला की सगळे थांबतात. आमच्याकडच्या वानरटोळीतला हुप्प्या, म्हणजे म्होरक्या नर, बघितलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल, पण वानरांचं बरोबर उलटं असतं. वानरांच्या माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात आणि हुप्पे बदलत जातात. गोरिलाच्या घरात कर्ता वर्षानुवर्षं तोच असतो. मुलगी वयात आली की ती घर सोडते, पण एकटी रानात भटकत नाही. दोन कळप जवळ आले की या कळपातून निघून सरळ त्या कळपात जाते.

घर राखणाऱ्या नरांवर किती भार असतो ते एका घटनेवरून कळतं. गोरिलांच्या अभ्यासक डायान फॉसी यांनी १९६७ साली रवांडाच्या विरुंगा डोंगरात करिसोके हे संशोधनाचं ठाणं उभारलं आणि तिथे त्या वर्षानुवर्षं गोरिलांमध्ये वावरल्या. डिजिट नावाचा एक तरुण नर त्यांच्या फार जवळचा. ३१ डिसेंबर १९७७ रोजी शिकारी आपले कुत्रे घेऊन आले. डिजिट एकटा मागे राहून त्यांच्याशी झुंजला, बाकीचा कळप तेवढ्यात निसटला, आणि तो भाल्यांच्या घावांनी मेला. मी हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

आता छाती बडवणं. व्हिडिओत तेवढंच दाखवतात, म्हणून लोकांना वाटतं हा प्राणी सदा संतापलेला. गोरिला मूठ वळत नाही. हात खोलगट करून उघड्या पंजाने बडवतो आणि तो टपटप आवाज जंगलात लांबवर जातो. ऐकणाऱ्याला त्यावरून समोरच्याच्या अंगपिंडाचा अंदाज येतो, कारण मोठ्या नराचा आवाज अधिक खर्जातला असतो. बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागतं, मारामारीची पाळी येत नाही. दोन-तीन वर्षांची पिल्लंसुद्धा खेळता खेळता छाती बडवतात. पोट भरलं की गोरिला घशातून खोल गुरगुरतो. ते समाधानाचं गुरगुरणं. फॉसीही कळपाजवळ जाताना तसाच आवाज काढायच्या.

चिंपांझी घर करत नाही, तो गाव करतो. वीसपासून शंभराच्या वरही चिंपांझी एका समाजाचे असतात, पण सगळे एकत्र कधी दिसत नाहीत. सकाळी चार इकडे, सहा तिकडे, दुपारी पिकलेल्या उंबरावर पुन्हा गाठ. नर मरेपर्यंत आपल्या जन्मगावातच राहतात, माद्या बहुधा बाहेर जातात. मग नरांची गावकी सुरू होते. कोण कोणाच्या बाजूचा, कोण कोणाच्या उवा काढत बसला, शिकारीतला वाटा कोणाला मिळाला, यावर पुढारी ठरतो. ताकदच लागते असं नाही. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या टांझानियातल्या गोंबे जंगलातला माइक नावाचा नर अंगाने लहान. त्याने तळावरचे रॉकेलचे रिकामे डबे उचलले आणि ते आपटत, घरंगळवत तो थेट मोठ्या नरांच्या अंगावर धावून गेला. सगळे पांगले. १९६४ साली तो म्होरक्या झाला.

आणि भावकी म्हणाल तर तीही आहे. गोंबेतला एकच समाज फुटून त्याचे दोन झाले. १९७४ ते १९७८ या चार वर्षांत उत्तरेकडच्या नरांनी दक्षिणेकडच्या नरांना गाठून गाठून एकेक करत संपवलं. एके काळी एकमेकांच्या उवा काढत बसणारे हे सगळे. चिंपांझी हद्दीवर गस्त घालतात तेव्हा रांगेत, चिडीचूप चालतात. इतर वेळी एवढा गलका करणाऱ्या प्राण्याची ती शांतता फार भयंकर असते.

गोरिलाही निष्पाप नाही. कर्ता मेला की नवा नर बऱ्याचदा आधीच्याची तान्ही पिल्लं मारतो. हे वानरांतही घडतं, आमच्या भागातल्या राखणदारांना नवीन नाही. पण चिंपांझीसारखी ठरवून, टोळीने घातलेली धाड गोरिलाच्या जगण्याचा भाग नाही.

खाण्यातही तसंच. चिंपांझी पिकल्या फळांचा शौकीन, आणि सगळे मिळून झाडावरची लाल कोलोबस माकडं धरून खातात. वारुळातली वाळवी खायची त्याची रीत तर बघत राहावी अशी. तो एक काडी मोडतो, तिची पानं ओरबाडतो, ती हळूच वारुळाच्या भोकात सारतो. आतली वाळवी चिडून काडीला चावून धरते. मग काडी बाहेर काढून ओठांनी निपटून घ्यायची. गुडॉल यांनी १९६० साली हे पाहिलं तेव्हा 'हत्यार फक्त माणूसच बनवतो' ही समजूत मोडली.

डोंगरातला गोरिला पाल्यावर जगतो. रानटी सेलरी, बांबूचे कोंब, अंगाची आग करणारी झुडपं. आपल्याकडे खाजकुयलीला हात लावायची कोणाची टाप नाही. तिथे गोरिला अशा झुडपाची पानं बुडापासून वर एका हाताने ओरबाडतो, खरखरीत देठ पिळून टाकतो, उरलेल्या पानांची घडी घालतो, आणि आग करणारा भाग आत राहील अशी पुरचुंडी करून तोंडात टाकतो. भाकरीत ठेचा गुंडाळावा तसं. पिल्लाला हे जमायला काही वर्षं लागतात. हत्यार नाही म्हणून त्याला मंद म्हणणाऱ्यांनी ही पुरचुंडी एकदा बघावी.

आपल्याकडे ऐकू येणारा आणखी एक गोंधळ निस्तरतो. गनिमी काव्याला 'गोरिला वॉर' म्हणतात, म्हणून पोरांना वाटतं त्या युद्धाचा आणि या प्राण्याचा काही संबंध आहे. काही नाही. तो शब्द गुरिल्ला, स्पॅनिश, अर्थ छोटं युद्ध. प्राण्याचं शास्त्रीय नाव १८४७ सालचं, एका जुन्या ग्रीक प्रवासवर्णनातल्या शब्दावरून घेतलेलं.

नात्याचं सांगितल्यावर मात्र बहीणही काम सोडून ऐकायला बसली. चिंपांझीचं सगळ्यांत जवळचं नातं बोनोबो नावाच्या कपीशी, त्यानंतर माणसाशी, गोरिला त्यानंतर. म्हणजे आपण ज्या दोघांना एका मापाने मोजतो, त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा आपल्याला जवळचा आहे. आपली सर्दी त्या दोघांनाही लागते आणि जीवावर बेतते. म्हणून डोंगरी गोरिला बघायला जाणाऱ्यांना मास्क लावून, अंतर राखून, एकच तास थांबू देतात. फासे, शिकार, जंगलतोड असूनही डोंगरी गोरिलांची गणती अलीकडे हजाराच्या वर गेली आहे, ती १,०६३ भरली. ही गणती बरीचशी त्यांच्या रात्रीच्या अंथरुणांवरून होते. अंथरुणात लेंड्या मोठ्या आणि रुपेरी केस सापडले की इथे कर्ता झोपला होता, आणि लेंड्या दोन मापांच्या असल्या की आई आणि पिल्लू.

भारतात गोरिला बघायचा तर म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय गाठावं लागतं. थाबो आणि डेम्बा हे दोन नर २०२१ साली जर्मनीहून तिथे आले. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन जायचं ठरलंय. त्याने आत्ताच वहीच्या मागच्या पानावर दोन नाकं काढून ठेवली आहेत, खालच्या रेघा रिकाम्या सोडून.